कामरगाव स्टँडवरच्या पदाचा अहवाल

मी येणार म्हटलं की लोक खुर्च्या पुसून ठेवतात आणि मी गेले की सुटकेचा श्वास सोडतात. बारा-पंधरा वर्षं मी हेच काम करते आहे. एखाद्या संस्थेनं कुठल्या तरी आडगावी एक पद तयार केलेलं असतं, दोन-तीन वर्षांनी तिला शंका येते की तिथला माणूस दिवसभर नेमकं करतो काय, आणि मग माझ्यासारखीला धाडतात. मी बघते, विचारते, रकाने भरते आणि शेवटच्या पानावर तीनपैकी एका चौकटीत खूण करते: पद चालू ठेवावे, दुसऱ्या पदात विलीन करावे, बंद करावे. इतक्या वर्षांत 'आजच्या दिवस थांबा' असं मला कोणी म्हटलेलं नाही. आपण ते मनावर घेत नाही असं मी सांगते. घेते.

अकोल्यात भाड्याच्या दोन खोल्यांत मी एकटी राहते. लग्न केलं नाही. का नाही, याची पूर्वी लोकांना फार काळजी असायची. आता तीही कोणी करत नाही.

मागच्या वर्षी दिवाळीच्या अलीकडे असंच एक काम आलं. पूर, गारपीट, ढगफुटी झाली की सरकारी मदत हातात पडेपर्यंत लोकांना तातडीचा निधी देणारी एक संस्था आहे. तिचा वाशीम जिल्ह्यात एक 'विभागीय साहाय्यक' होता. मंगरूळपीर आणि कारंजा असे दोन तालुके आणि माणूस एकच, तोही कंत्राटावर. गावोगावचे अर्ज जमवायचे, कागद पुरे करायचे आणि वर पाठवायचे, एवढं काम. मुख्य कार्यालयातले साहेब फोनवर म्हणाले, "मॅडम, नाव आपत्कालीन निधी, आणि याची फाइल दीड-दोन महिन्यांनी येते. बाकीचे जिल्हे पंधरा दिवसांत मोकळे होतात. जरा बघा." 'जरा बघा' म्हणजे काय ते मला कळतं. त्यांचं ठरत आलेलं होतं, फक्त कोणाची तरी सही हवी होती.

मंगरूळपीरला दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका झेरॉक्सच्या दुकानावर त्याची खोली होती. मी जिना चढून गेले तर दाराला कुलूप. दारावर कागद चिकटवलेला: 'आज बाजार. कामरगाव स्टँडवर भेटू.' माझं डोकं फिरलं. परीक्षणाच्या दिवशी कार्यालयाला कुलूप, हे मी एवढ्या वर्षांत पाहिलं नव्हतं. खाली झेरॉक्सवाल्याला विचारलं तर तो हसून म्हणाला, "बाजाराच्या दिवशी ते इथं कधीच नसतेत. पाहा, कारंज्याची गाडी लागून राह्यली." मी धावतपळत ती गाडी पकडली. कारंज्याला गाडी बदलली आणि कामरगावला उतरेपर्यंत पहिल्या रकान्यात मी लिहूनही टाकलं होतं: कार्यालयात अनुपस्थित.

तो स्टँडवरच्या सिमेंटच्या बाकावर बसला होता. पंचेचाळिशीचा, बारीक, इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर प्लॅस्टिकची फाइल. मी नाव सांगितल्यावर उठून उभा राहिला, पण गडबडला नाही. म्हणाला, "बसा मॅडम. तुमी उद्या येनार होत्या ना?" मी तारीख तपासली. चूक माझी होती. मी एक दिवस आधी आले होते. तसं मी कबूल केलं, पण 'अनुपस्थित' खोडलं नाही. ते मी नंतर खोडलं.

स्टँडवर का बसता, असं मी विचारलं. तो म्हणाला, "बहिनी इथंच भेटतेत."

हे मला उलगडून घ्यावं लागलं. पुरानं शेत खरडून गेलं की मदत मिळते, पण सातबारा बापाच्या मुलांचा सामाईक असेल तर त्यावर जितकी नावं, तितक्यांची संमती लागते. सगळ्यांनी लिहून द्यायचं की मदत या एका भावाच्या खात्यात जमा करायला आमची हरकत नाही. बाप गेल्यावर मुलींचीही नावं चढलेली असतात. मुली लग्न होऊन दहा गावांना पांगलेल्या. भाऊ त्यांच्याकडे सही मागायला जायला कचरतात, कारण सही मागायची म्हणजे तिचंही नाव जमिनीवर आहे याची तिला आठवण करून द्यायची. आणि बहिणी सही द्यायला घाबरतात, कारण त्यांना वाटतं हेच ते हक्कसोडपत्र. म्हणजे बापाच्या जमिनीतला आपला वाटा भावाला सोडून दिला, असं लिहून द्यायचा कागद. एक साधं संमतीपत्र, पण या भागात ते पाहिलं की घराघरात धडकी भरते. बाकीच्या जिल्ह्यांत साहाय्यक ते कागद भावांच्या हाती देतात आणि चार दिवसांत सह्या होऊन येतात. त्या कशा होतात हे कोणी विचारत नाही.

बाजाराला मात्र बहिणी येतात. आसपासच्या गावांहून एसटीनं, जीपनं, भाजी विकायला नाहीतर घ्यायला. म्हणून हा बाकावर बसायचा.

तासाभरानं एक बाई आली. साठीच्या घरातली, कारंज्याजवळच्या एका माळी कुटुंबात दिलेली. तिनं वांग्या-मेथीची टोपली बाकाखाली सरकवली आणि उभ्यानंच म्हणाली, "भाऊ, मले कालपासून झोप नाही. सही केली का माहा हिस्सा गेला ना?"

"बसा मावशी. वाचतो," तो म्हणाला.

त्यानं कागद काढला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. वरच्या गावाच्या नावापासून खालच्या 'संमती देणाऱ्याची सही' पर्यंत, एकही शब्द न गाळता. भोवती जीपवाले 'कारंजा, कारंजा' ओरडत होते. तो घाई न करता वाचत होता. संपल्यावर बाई म्हणाली, "ते ठीक हाय. पन हिस्सा जाते का नाही, ते सांग ना."

"पुन्हा वाचतो," तो म्हणाला, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला. या वेळी बाई प्रत्येक ओळीला हूं म्हणत होती. एका ठिकाणी तिनं त्याचा हात धरला. "इथं थांब. हे 'सदर मदत' म्हंजे पुराचीच ना? जमिनीचं नाव कुठी हाय?" त्यानं बोटानं ओळ दाखवली आणि तीच ओळ परत वाचली. तिसऱ्यांदा सगळा कागद वाचून झाला तेव्हा बाईनं पदरानं तोंड पुसलं, पेन मागितला आणि सावकाश आपलं नाव लिहिलं. त्यानं समोरच्या दुकानातून झेरॉक्स काढून आणली आणि घडी करून तिच्या हातात दिली. ती तिनं पिशवीत पार तळाशी ठेवली आणि टोपली उचलून बाजारात गेली. मी घड्याळ पाहिलं. एका सहीला चाळीस मिनिटं. 'प्रत्येक अर्जदारामागे लागणारा वेळ' या रकान्यात ते बसत नव्हतं.

दुपारी त्यानं डबा उघडला. ज्वारीची भाकर, तुरीच्या डाळीचं वरण, वर हिरव्या मिरचीचा ठेचा. "घ्या मॅडम," म्हणून झाकणात अर्धी भाकर काढली. ज्याचं परीक्षण करायचं त्याच्याकडे पाणीसुद्धा पिऊ नये असा आमच्या कामाचा नियम आहे, आणि मी नियमाची पक्की. मी माझा डबा काढला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला, थोडी पाठ करून बसून जेवले. ठेच्याचा वास येत होता. असा ठेचा मी कित्येक वर्षांत खाल्ला नव्हता. मी हे काम सोडायला हवं होतं असं मला ज्या दोन-चार वेळा वाटलं, त्यातली ही एक.

जेवण झाल्यावर मी विचारलं, "एकदा वाचलं की पुरे ना? तीन-तीनदा कशाला?"

"आमचा आजा अंगठाबहाद्दर होता," तो म्हणाला. "नागपूरले दीक्षा घेऊन आला तवापासून त्यानं एक नेम केला. कागद वाचून दाखवल्याबिगर अंगठा द्याचा नाही. तलाठी असो, सावकार असो का शाळेचा मास्तर. मी दुसरीत गेलो तं मलेच बसवे. अडखळलो का म्हने, पहिल्यापासून वाच. मी रडकुंडीले येवो." तो हसला. "त्याचा एकबी कागद खोटा निंगाला नाही."

दुसऱ्या दिवशी मंगरूळपीरच्या खोलीवर मी त्याच्या सगळ्या फायली चाळल्या. त्या उशिरा गेलेल्या होत्या, साहेब खोटं बोलले नव्हते. पण त्याची एकही फाइल तक्रार होऊन परत आलेली नव्हती. बाकीच्या जिल्ह्यांच्या फायली मी आधीच पाहिल्या होत्या. त्यांत 'सही माझी नाही', 'मला फसवून घेतली' अशा अर्जांचे गठ्ठे होते, मदत अडकलेली होती आणि भाऊ-बहिणी कोर्टात होत्या. उशीर नक्की कुठे होत होता, हे पहिल्यांदाच मला स्पष्ट दिसलं. मला आनंद झाला. माझ्या कामात आनंद क्वचित होतो.

निघायच्या वेळी मी बॅगेतून अहवालाला जोडायचं सहीचं पान काढलं. त्यावर 'वरील अहवाल मी वाचला असून तो मला मान्य आहे' असं छापलेलं असतं आणि खाली परीक्षण झालेल्या कर्मचाऱ्याची सही. अहवाल लिहायचा घरी गेल्यावर, मग सहीसाठी पुन्हा कोण येणार? म्हणून आम्ही सगळेच परीक्षक ती सही निघतानाच घेऊन ठेवतो. आजवर कोणी हरकत घेतलेली नाही.

त्यानं पान हातात घेतलं. छापील ओळीच्या वर पाहिलं, उलटून मागे पाहिलं. दोन्हीकडे कोरं. माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळ बघत होते, अकोल्याची गाडी होती. त्यानं सही केली.

गाडीत मला खिडकी मिळाली. सोयाबीन निघालेली रिकामी शेतं मागे जात होती आणि माझ्या डोक्यात त्या माळीणबाईचा आवाज होता: इथं थांब, जमिनीचं नाव कुठी हाय?

माझं गाव कारंजा तालुक्यातल्या धनजपासून फार लांब नाही. आदल्या दिवशी कामरगावच्या स्टँडवर त्या बाजूची जीप माझ्यासमोर भरून गेली होती. आई गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात भावानं मला कारंज्याला बोलावलं होतं. नोंदणीच्या ऑफिसात लिहिणाऱ्यानं कागदांची चळत समोर ठेवली आणि एकेका पानावर बोट ठेवत गेला: इथं, इथं, अन् इथं. मी पदवीधर, दुसऱ्यांचे कागद तपासून पोट भरणारी. मी एक ओळ वाचली नाही. हक्कसोड आहे हे मला ठाऊक होतं, आणि जमीन मला नकोच होती. पण त्या पानांत आईच्या खोलीचंही होतं. सुट्टीत मी जिथे जाऊन राहायचे ती खोली. ते मला पुढच्या वर्षी कळलं, तिथे भावानं खताची पोती भरून ठेवलेली पाहिली तेव्हा. तो म्हणाला, "ताई, तूच तं सही केली." खोटं बोलला नाही तो. वाचायला मागितलं असतं तर त्याला राग आला असता आणि मग घर तुटलं असतं, म्हणून मी गप्प बसले होते. घर तसंही तुटलं. मी परत गेले नाही आणि त्यानंही बोलावलं नाही. मला त्या ऑफिसात कोणी तरी थांबवून सांगायला हवं होतं, बाई, यात काय आहे ते नीट समजून घे. असं कोणी नव्हतं. हे आठवून त्या गाडीत मला रडू आलं.

अहवाल मी रविवारी लिहायला बसले आणि एका बैठकीत पूर्ण केला. इतका चांगला अहवाल मी आजवर लिहिला नव्हता. एरवी मी 'समाधानकारक', 'सुधारणेस वाव' असे शब्द वापरते. या वेळी मी पानं भरली. लिहिलं की हे साहाय्यक बाजाराच्या दिवशी स्टँडवर बसतात, तिथे येणाऱ्या बहिणींना जमिनीतले त्यांचे हक्क समजावून सांगतात, हक्कसोड आणि संमती यांतला फरक त्यांना पटवून देतात आणि मगच सही घेतात. म्हणून फायलींना उशीर होतो आणि म्हणूनच त्या परत येत नाहीत. 'पद चालू ठेवावे' या चौकटीत मी ठळक खूण केली. शेवटी त्याच्या सहीचं पान जोडलं आणि पाठवून दिलं. त्या दिवशी मी शेजारणीला आपणहून चहाला बोलावलं. तिला नवल वाटलं.

महिनाभरानं साहेबांचं पत्र आलं. त्याची प्रत शिष्टाचार म्हणून मला पाठवली होती. 'सदर कर्मचारी महिलांना मालमत्तेतील हक्कांबाबत सल्ला देत असल्याचे अहवालावरून दिसून येते. अहवाल कर्मचाऱ्यास मान्य आहे. ही बाब निधीच्या कार्यकक्षेबाहेरील असून त्यातून कौटुंबिक वाद उद्भवल्यास संस्था अडचणीत येऊ शकते. सबब हे पद बंद करण्यात येत आहे.'

मी ते उभ्याउभ्या वाचलं, मग बसून वाचलं. माझ्याच वाक्यांनी त्याचं पद गेलं होतं. तो फोन करून शिव्या घालेल अशी तयारी ठेवून मी तीन दिवस थांबले. फोन आला नाही. चौथ्या दिवशी मीच केला.

"भेटलं पत्र," तो म्हणाला. आवाजात काही नव्हतं. "मॅडम, तुमी जे लिवलं ते मले वाचाले भेटन काय?"

मी अहवाल फोनवर पाठवला. दोन दिवसांनी त्याचा फोन आला.

"वाचला. घरी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. माह्या कामाबद्दल इतकं कोनी कधी लिवलं नव्हतं. माही बायको तं रडली." मग म्हणाला, "पन एका जागी चुकलं. मी समजावून नाही सांगत, मॅडम. मी कधीच नाही सांगत. फक्त वाचतो. आपून समजावाले गेलो का आपलं मन त्यात येते, मंग भाऊ म्हनते यानं माह्या बहिनीले शिकवलं. म्हून कागदात जेवढं हाय तेवढंच. किती डाव विचारलं तरी पुन्हा वाचतो."

आणि मला दिसलं. तो बाक, ती बाई, तिसऱ्यांदा वाचणारा तो. त्यानं एक शब्द पदरचा घातला नव्हता. ती विचारत होती, सांग ना, आणि तो म्हणत होता, पुन्हा वाचतो. मी शेजारी बसून सगळं पाहिलं होतं, आणि घरी येऊन मला हवं होतं ते त्याच्या नावावर लिहून टाकलं होतं. ज्याची मी गाडीत वाट पाहत रडले, तो समजावून सांगणारा माणूस. तसा माणूस त्या स्टँडवर नव्हता.

मी त्याच दिवशी दुरुस्तीचं पत्र पाठवलं. उत्तर एका ओळीत आलं: कर्मचाऱ्याने अहवाल मान्य केला असल्याने फेरविचार शक्य नाही. ते सांगायला मी त्याला शेवटचा फोन केला. मी म्हणाले, "भाऊ, तुम्ही तर वाचल्याशिवाय सही करत नाही. मग त्या कोऱ्या पानावर का केली?"

मागून प्रेशर कुकरची शिट्टी ऐकू आली.

"तुमी एकट्या, इतक्या दुरून आल्या होत्या," तो म्हणाला. "दोन दिवस बसून माहं काम पाह्यलं. नाही म्हनलं असतं तं तुमाले वाईट वाटलं असतं."

"बरं," असं काहीतरी म्हणून मी फोन ठेवला. त्यानंतर आमचं बोलणं झालेलं नाही.